क्लिक टू अ‍ॅड टायटल

पॉवरपॉइंट उघडलं की ते आधी चित्र मागत नाही, मथळा मागतं. पांढऱ्या पानाच्या मधोमध एक चौकट आणि तीत फिकट अक्षरांत 'क्लिक टू अ‍ॅड टायटल'. तिच्याखाली उपमथळ्यासाठी आणखी एक चौकट. दुसऱ्या पानावर जावं तर तिथे मुद्द्यांच्या काळ्या टिकल्या आधीच लावून ठेवलेल्या; आपण फक्त मुद्दे घालायचे. मनात काहीही नसलेला माणूस या पानासमोर पाच मिनिटं बसला तरी त्याला तीन मुद्दे सुचावेत, इतका त्याचा आग्रह. पंचायत समितीच्या आढावा बैठकीला हे फार सोयीचं आहे. औषधं विकणाऱ्यांनाही असेल. चित्रकलेच्या मास्तरची मात्र इथेच पंचाईत होते. आमच्याकडे आधी चित्र, मग बघणं, मग थोडं गप्प बसणं, मग कुणीतरी धडधडीत चुकीचं काहीतरी बोलणं, त्यावरून वाद, आणि हे सगळं नीट जमलं तर तास संपता संपता एखादा मुद्दा. तो मुद्दा आधीच भिंतीवर लिहिलेला दिसला की मुलं तो वहीत उतरवतात आणि मोकळी होतात. चित्राकडे बघायचं कारणच उरत नाही.

म्हणून नवी फाइल उघडली की माझं पहिलं काम मोडतोडीचं. मथळ्याची चौकट पकडायची, डिलीट. उपमथळा, डिलीट. टिकल्या, डिलीट. पार्श्वभूमी काळी करायची. एवढं झालं की एक रिकामं काळं पान हाती येतं आणि त्यावर चित्र ठेवता येतं. आमच्या एक मॅडम म्हणतात, एवढं सगळं काढूनच टाकायचं तर हे सॉफ्टवेअर वापरता कशाला? मॅडमचा प्रश्न बिनतोड आहे. पण दुसरं काही वापरायचं म्हटलं तर ते वर्गातल्या संगणकावर नसतं, आणि ते टाकून घ्यायचं तर अर्ज द्यावा लागतो. अर्जापेक्षा डिलीट बरं.

यात बिचाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. ते आमच्यासाठी केलेलंच नव्हतं. रॉबर्ट गॅस्किन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८४मध्ये त्याची कल्पना कागदावर मांडली, ती कचेऱ्यांतल्या बैठकी डोळ्यांसमोर ठेवून. डेनिस ऑस्टिन यांच्याबरोबर ते तयार झालं आणि १९८७च्या एप्रिलमध्ये मॅकिन्टॉशवर बाजारात आलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनीच १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते. काळंपांढरं पान छापायचं, त्याची पारदर्शिका करायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची, एवढाच तिचा उद्योग. जन्माच्या वेळी ज्याला लाल-पिवळं ठाऊक नव्हतं त्याच्याकडून आपण आज राजा रविवर्म्यांच्या नऊवारीची जर मागतो. ते जमेल तेवढं देतं, हेच खूप.

त्याच्या आधी खऱ्या स्लाइड होत्या. ज्यांनी त्या हाताळल्या नाहीत त्यांना सांगतो, पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा एक तुकडा. तो प्रोजेक्टरच्या खाचेत आठ प्रकारे घालता येतो आणि त्यांतला एकच बरोबर असतो. उरलेल्या सात प्रकारांत मोनालिसा उताणी पडते, कुशीवर झोपते, नाहीतर सरळ बसूनसुद्धा डावीची उजवी होते. आणि हा शेवटचा प्रकार वर्गात कुणाच्याच लक्षात येत नाही. कोडॅकचा कॅरूसेल १९६१चा. गोल डबा, ८० स्लाइड, बटण दाबलं की 'खटॅक्‌'. तो आवाज हा तासाचा ठेका असायचा. २००४मध्ये कोडॅकनं ते यंत्र बनवणं थांबवलं. आमच्याकडच्या कपाटात स्लाइडचे डबे अजून आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांना बुरशीनं धरलंय. एका बोत्तिचेल्लीच्या आकाशात बुरशीचं असं काही सुरेख झाड उगवलंय, की ते मूळ चित्रात नाही हे सांगताना जरा वाईट वाटतं. परीक्षेत 'चित्र ओळखा' असायचं तेव्हा मुलं चित्रकारापेक्षा ओरखडे ओळखायची. कोपऱ्यात पिवळा डाग असला की तिशियन, मधून उभी रेघ गेली की व्हेलाझ्क्वेझ. निकाल उत्तम लागायचा.

कलेचा इतिहास शिकवण्याची आजची रीत या यंत्रांनीच घडवली, हेही खरं. बर्लिनच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या हाइन्रिश व्योल्फलिन यांचं नाव दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावण्याशी जोडलं जातं. डावीकडे रेनेसान्सचं एक चित्र, उजवीकडे बरोकचं. दोन्ही एकदम भिंतीवर, आणि मास्तर अंधारात श्रोत्यांच्या बाजूला उभे, जणू तेही पहिल्यांदाच बघताहेत. पुढे सगळ्या जगानं ही तुलना उचलली. 'या दोन चित्रांतील साम्य-भेद लिहा' हा आमच्या प्रश्नपत्रिकेतला दहा गुणांचा प्रश्न मूळचा तिकडून आलेला आहे. पॉवरपॉइंटमध्ये एका पानावर दोन चित्रं ठेवायला दोन यंत्रं लागत नाहीत, म्हणून आता चार ठेवतात. कधी सहा. मग शेवटच्या बाकावरून ती टपाल तिकिटांसारखी दिसतात आणि मास्तर म्हणतात, वरून दुसऱ्या ओळीतलं डावीकडचं बघा.

पण चित्रांमागून चित्रं दाखवत बोलत जाणं आपल्याला नवीन आहे असं समजायचं कारण नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची पोथी, म्हणजे सुट्या चित्रांची चळत. वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीवर कथा पुढे सरकते तसं एकेक चित्र समोर धरायचं. कागदाच्या दोन्ही अंगांना चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी तर सिनेमा इथे येण्याच्या आधी, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडून आणि ती हलवून खेळ केले. त्या खेळाचं नाव 'शांबरिक खरोलिका'. हे नाव मी वर्गात उच्चारतो तेव्हा पहिली दोन मिनिटं नुसती हसण्यात जातात, आणि ती द्यावीत.

चित्रकथीबद्दल सांगत होतो तेव्हा कुडाळकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या बाजूक बघलंय मी. ते चित्र वाचत नाहीत." म्हणजे काय, विचारलं. तर म्हणाला, "चित्रात राम बसलोलो असता आणि ते सांगतत सीतेचा. चित्र आपला तिथं असता." मालवणीत त्यानं एका वाक्यात जे सांगितलं ते मला शिक्षक प्रशिक्षणाच्या कुठल्याही वर्गात ऐकायला मिळालेलं नाही. आपल्या मास्तरांचं नेमकं उलटं चालतं. भिंतीवर जे लिहिलंय तेच तोंडानं, आणि तेही मुलांकडे पाठ करून. चित्रकथी प्रेक्षकांकडे पाठ करून वाचायला लागला असता तर त्याला गावात जेवायला कुणी घातलं नसतं.

वर्गात यंत्राला 'प्रोजेक्टर' कुणी म्हणत नाही. 'एलसीडी' म्हणतात. "आज एलसीडीवर तास आहे का सर?" हा प्रश्न मुलं ज्या सुरात विचारतात त्यात पंखा आहे, पडदे ओढलेले आहेत आणि जेवणानंतरची वेळ आहे. एलसीडीची किल्ली शिपाईमामांकडे. केबल ऑफिसात. रिमोट कुणाकडे, हे गुपित. सगळं जुळून आलं की निळा पडदा दिसतो, मग कुठल्याशा कंपनीचं बोधचिन्ह, आणि मग एकदाचं चित्र. आमच्या यंत्राचा लाल रंग गेल्या काही वर्षांत उतरणीला लागलाय. त्यामुळे पॉल गोगँच्या ताहितीतल्या बाया आमच्याकडे काविळीतून उठल्यासारख्या दिसतात. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध जलरंगचित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, लोक ज्याला सर्रास रविवर्म्याचं म्हणतात, ते दाखवायचं तर मी संध्याकाळचा तास मागून घेतो. त्या चित्राचा सगळा प्राण ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांत आहे; बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतो. आणि आमच्या वर्गातला मागच्या खिडकीचा पडदा वीतभर आखूड. दुपारी दोनला त्या बाईच्या हातातला दिवा विझलेला असतो.

वासुदेव गायतोंडे शिकवायचे असले की मला आदल्या दिवसापासून धाकधूक. नागपुरात १९२४ साली जन्म, जे. जे.ची पदविका १९४८ची, २००१मध्ये निधन, २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन. हे सगळं सांगून होतं. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवणं, ते खरवडणं, पुन्हा चढवणं, हेही सांगता येतं. स्वतःच्या चित्रांना ते अमूर्त म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, हे सांगितलं की दोन मुलं मान डोलावतात. पण मग चित्र दाखवावं लागतं. त्यांचे नंतरच्या काळातले कॅनव्हास उभे. आणि पडदा आडवा. २०१३पासून पॉवरपॉइंटचं पानच मुळात १६ बाय ९ असं पसरट झालंय, त्यामुळे उभं चित्र त्यात ठेवलं की दोन्ही बाजूंना काळोख आणि मध्ये एक पट्टी उरते. एका तासाला मी अशी एक पिवळसर पट्टी भिंतीवर लावून गप्प उभा राहिलो. वर्गही गप्प. मला वाटलं, चित्र लागू पडलं. मग मागून हळूच आवाज आला, "सर, अजून लोड होतंय का?"

तेवढ्यात मामा हजेरीचं मस्टर न्यायला आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, वर यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, सिग्नल गेलाय. पिन हलवू का?"

मी नको म्हणायच्या आत ते स्टुलावर चढलेसुद्धा. पिन हलली, चित्र गेलं, निळा पडदा आला, बोधचिन्ह आलं, आणि परत तीच पिवळसर पट्टी. मामा खाली उतरले. मस्टर काखेत धरून, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. मग समाधानानं म्हणाले, "आता आलं बघा. मघाशी खालचं ते काळपट दिसत नव्हतं."

चित्र जसंच्या तसं होतं. पण मामांना काय दिसलं ते शोधायला सगळा वर्ग पुढे वाकला. एक मुलगी म्हणाली, खाली खरंच काहीतरी आहे, पाण्याखाली असल्यासारखं. दुसरा म्हणाला, काळपट नाही, पिवळ्याच्याच खाली दुसरा पिवळा आहे. मग वादच सुरू झाला. मामा मस्टर घेऊन निघून गेले. पुढच्या वर्षी गायतोंडे यायच्या दिवशी मी मामांना 'मस्टर जरा उशिरा न्या' असं सांगून पाहिलं. ते वेळेवर आले, पिन बघितली, ठीक आहे म्हणाले आणि गेले. अशा गोष्टी ठरवून होत नाहीत.

स्लाइडनं एक मोठा समाजवाद आणलाय. पंढरीच्या वाळवंटात जसा कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही, तशी पडद्यावर सगळी चित्रं एका मापाची. तळहाताएवढं लघुचित्र आणि भिंतभर म्यूरल खांद्याला खांदा लावून उभं राहतं. हे ऐकायला छान वाटतं, पण चित्राच्या बाबतीत माप हा निम्मा मजकूर असतो आणि तोच पडद्यावर पुसला जातो. पिकासोचं 'गेर्निका' आणि साल्वादोर दालीचं ते वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र मी मुद्दाम एकामागून एक दाखवायचो. मुलांच्या मते दोन्ही 'मोठी' चित्रं. किती मोठी? पडद्याएवढी.

मग एकदा सुतळीचा गुंडा आणि टेप घेऊन सगळ्यांना व्हरांड्यात काढलं. 'गेर्निका' १९३७चं, रुंदी ७ मीटर ७७ सेंटिमीटर. एकानं सुतळीचं टोक ऑफिसच्या दाराला धरलं, दुसरा गुंडा सोडत मागे जायला लागला. नोटीस बोर्ड गेला, प्रयोगवहीचं कपाट गेलं. "अजून मागे." "सर, पुढं टाकी आहे." पाण्याच्या टाकीपाशी माप पुरं झालं. उंची ३ मीटर ४९. ती काही मोजता येईना, कारण व्हरांड्याचं छतच तेवढं उंच नाही. म्हणजे पिकासोचा तो घोडा आमच्या संस्थेत मान खाली घालूनच किंचाळणार. मुलं सुतळीच्या पुढ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "इथून तर मला ती दिवा घेतलेली बाई दिसतच नाही. मान वळवावी लागतेय." चित्र एका नजरेत मावत नाही, हे तिला भिंतीवरच्या कोऱ्या चुन्याकडे बघत समजलं.

एवढ्यात हेडक्लार्क बाहेर आले. सुतळी, टेप, पंचवीस मुलं. "काय सर, पार्टिशन पडतंय का इथं?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती, पार्टिशन पडलं तर त्यांच्या स्कूटरची जागा जाणार. मी सांगितलं, चित्र आहे. ते म्हणाले, "कुठाय?" आणि हा प्रश्न त्या क्षणी इतका रास्त होता की कुणालाच उत्तर देता आलं नाही.

दालीसाठी व्हरांडा लागला नाही. १९३१चं ते चित्र २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ रुंद. फुलस्केप कागद आडवा धरला तर लांबीला जवळपास तेवढाच, उंचीला चित्रच एक-दोन बोटं जास्त. प्रत्येकानं वहीतून पान फाडलं आणि हातात धरलं. शांतता पसरली. मग एकजण दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "एवढंच?" आख्ख्या कॉलेजच्या मोबाइलवर, टी-शर्टवर, पोस्टरवर असणारी ती घड्याळं एवढ्याशा कागदात; त्याला फसवल्यासारखं वाटलं. त्याच्या शेजारची मात्र कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, मग त्या घड्याळावरच्या मुंग्या किती बारीक असतील, ब्रश कुठला असेल? ती रांगोळी फार बारीक काढते, तिला तोच प्रश्न पडणार.

आता कुणी म्हणेल, आजच्या काळात माप काय, बारकावे काय, सगळं घरबसल्या दिसतं. खरं आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२२च्या जानेवारीत रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच'चं एक छायाचित्र खुलं केलं, ७१७ अब्ज पिक्सेलचं. रंगातली तडसुद्धा त्यात दिसते. मी ते मोठ्या उत्साहानं वर्गात दाखवायला घेतलं. आमच्या एलसीडीचे पिक्सेल १०२४ गुणिले ७६८, म्हणजे पुरते आठ लाखही नाहीत. ७१७ अब्ज आठ लाखांच्या दारातून आत घ्यायचे होते. त्यात त्या दिवशी नेट मंद. कॅप्टनचा पसरलेला हात आधी चौकोनाचौकोनांनी आला, मग बोटं आली. तास संपेपर्यंत आम्ही एक हात बघितला. तरी सांगतो, तो हात मुलांना अजून आठवतो. उरलेलं चित्र आठवत नाही, कारण ते आलंच नाही.

अजिंठा दाखवताना भानगड निराळी. इंटरनेटवर पद्मपाणी शोधला तर निदान दहा वेगवेगळे तपकिरी पद्मपाणी सापडतात. कुठला उन्हात रापलेला, कुठला नुकताच हळद लावून बसवलेला. मुलं विचारतात, यातला खरा रंग कुठला? तो पहिल्या लेण्यात, वाघूर नदीच्या काठावर. बाकी सगळ्या नकला, आणि नकलांच्या बाबतीत अजिंठ्याचं नशीब मुळातच खोटं. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४०च्या दशकापासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून तैलरंगात प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्यातल्या बहुतेक १८६६च्या आगीत गेल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. तेरा वर्षं काम चाललं. त्या प्रती साउथ केन्सिंग्टनला ठेवल्या आणि १८८५मध्ये तिथेही आग लागून कितीतरी जळाल्या. मुंबईतून तिथवर जाऊन, दमट लेण्यात दिवे लावून, महिनोन्‌महिने एकेक भिंत उतरवून घेणाऱ्या त्या पोरांपुढे आमचं राइट क्लिक, सेव्ह इमेज ॲज. पेन ड्राइव्ह हरवला की आम्हीही 'आग लागली' म्हणतो, एवढंच साम्य.

जळगावकडच्या एका मुलीनं मात्र माझी बोलती बंद केली. ती लहानपणापासून पाच-सहा वेळा अजिंठ्याला गेलेली, दरवेळी पाहुणे आले म्हणून. स्लाइडकडे बघून म्हणाली, "सर, तिथं असं दिसत नाही. तिथं अंधार असतो. डोळे बसेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि बसले की गार्ड म्हणतो पुढे चला." म्हणजे गुहेत अंधार आणि वर्गात लख्ख पद्मपाणी. त्यानंतर मी एक प्रयोग करतो. स्लाइड शो चालू असताना 'बी' ची कळ दाबली की पडदा संपूर्ण काळा होतो. पुन्हा दाबली की चित्र परत. पॉवरपॉइंटमधली ही सगळ्यात चांगली सोय, आणि ती कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत, तिथे चित्र डावीकडून उडत कसं आणायचं ते शिकवतात. मी पद्मपाणी दाखवतो, 'बी' दाबतो आणि विचारतो, त्याच्या हातातलं कमळ कुठल्या हातात होतं? भुवई कुठून सुरू झाली? वर्गात भांडणं लागतात. कुणी शपथ घेऊन डावा म्हणतो. परत 'बी'. मग जी बघतात ती खरी बघतात.

मुलांची स्वतःची सादरीकरणं हा वेगळा सोहळा. त्यांना आवाज आणि ॲनिमेशन दोन्ही प्रिय. अमृता शेर-गिलचं चित्र गिरक्या घेत येतं आणि टाळ्यांच्या आवाजात स्थिरावतं. धुरंधरांच्या चित्रातल्या बायका बुद्धिबळाच्या पटातून चौकोन चौकोन होऊन प्रकटतात. शेवटच्या पानावर 'थँक यू' आणि गुलाबाचं फूल, हे अटळ. घरून मराठीत टाइप करून आणलेलं इथे उघडलं की फॉन्ट नसतो, आणि 'बाबूराव पेंटर' यांच्या जागी उलटसुलट चिन्हांची एक रांग येते; मुलगा न डगमगता ती रांग 'बाबूराव पेंटर' अशी वाचतो. मला त्याचं कौतुकच वाटतं. तो निदान पडद्यावरून वाचत नाही.

तास संपला की मागणी एकच. "सर, पीपीटी ग्रुपवर टाकाल ना?" पूर्वी मी टाळायचो, आता टाकतो. फाइल मोठी असते, ऑफिसच्या नेटवर अर्धा तास चढते. गेल्या वेळी ती पोचल्यावर दहा मिनिटांत पहिल्या बाकावरच्या मुलीचा मेसेज आला, "सर, फाइल करप्ट झालीय वाटतं. नुसतीच चित्रं येतायत, मॅटर येत नाहीये."

मी उत्तर लिहीपर्यंत दुसऱ्या एकानं तिला परस्पर कळवलं, की सरांच्या फाइलमध्ये मॅटर नसतंच, वरच्या वर्गाच्या नोट्स गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवल्यात, सत्तर रुपये. मीही एक प्रत घेतली. अक्षर चांगलं आहे. तारखा बऱ्याचशा बरोबर आहेत. गायतोंड्यांखाली 'पिवळ्याच्या खाली पिवळा' असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. आणि 'गेर्निका'पुढे कंसात लांबी दिलीय: ऑफिसच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. ती टाकी या मे महिन्यात हलवून जिन्याखाली नेलीय, म्हणजे चित्र आता चांगलं चार मीटरनं वाढतं. परीक्षेच्या आत तेवढं ग्रुपवर कळवायला हवं.